लेझरने थर निघतो, पण फटींचं काय?
संलयन (फ्यूजन) अणुभट्टीची आतली भिंत लेझरने साफ करताना मूळ भिंतच जळणार नाही का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. भिंतीवर साचलेला कार्बन-हायड्रोजनचा थर भुसभुशीत असतो, खालच्या ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बनच्याच, फरशांना नीट चिकटलेला नसतो. त्यामुळे उष्णता थरातच कोंडते आणि तो झटकन तापतो. ग्रॅफाइट मात्र ती आत पसरवून टाकतं. म्हणून तीव्रता नेमकी ठेवली तर थर उडतो, फरशी शाबूत राहते.

आणि ही नुसती साफसफाई नाही. इंग्लंडमधल्या 'जेट' या संलयन अणुभट्टीत १९९७ च्या प्रयोगांत सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम, म्हणजे इंधन म्हणून वापरला जाणारा जड हायड्रोजन, सोडलं होतं. नंतर बरीच स्वच्छता करूनही सुमारे ६ ग्रॅम अशा थरांत अडकून आतच राहिलं. इतकं दुर्मिळ, तेही किरणोत्सारी इंधन असं अडकून कसं चालेल? अमेरिकेत प्रिन्स्टनला 'टीएफटीआर' या अशाच अणुभट्टीच्या फरशांवर लेझर फिरवून, थर न उडवता नुसता तापवून, बरंचसं ट्रिटियम बाहेर काढलं. मला हाच मार्ग जास्त पटतो. थर उडवला की किरणोत्सारी धूळ होते, ती गोळा करणं हे वेगळंच काम.

खरी अडचण फरशांमधल्या फटींची, तिथे किरण पोचतच नाही. शेवटी 'जेट'ने कार्बनच काढून टाकला. २०११ पासून बेरिलियम-टंगस्टनच्या भिंती आल्या आणि अडकणारं इंधन एक दशांशाहूनही कमी झालं.