पाळीची कळ आणि ती एक गोळी : तुमचे अनुभव लिहा

लावणीचे दिवस. परवा गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ आणि ओटीपोटात अशी कळ की बांधावरच बसले. जावेने कनवटीची गोळी काढून दिली, पाऊण तासात पुन्हा उभी. रात्री सासूबाई म्हणाल्याच, "आमच्या वेळी कोण खात होतं गोळ्या?" तुम्ही काय घेता, कधी घेता, कधी अंगाशी आलं? बायकांनीच लिहावं असं नाही.
– राजापूर

काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून काम. आजी म्हणायची, "गोळी खाव नको गो, फुडे पोरां होवची नाय." दोन मुलगे आहेत, धाकटा दहावीला! पूर्वी कळ सोसवेनाशी होईपर्यंत थांबायचे आणि मग गोळी घेऊनही तळमळायचे. आता कंबर भरून आली की लगेच, पेज पिऊन. दोन दिवस, बस्स.
– वेंगुर्ला

माझं मेडिकल आहे. वेंगुर्ल्याच्या ताईंची वेळ बरोबर. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन या पाळीच्या कळेवरच्या गोळ्या ते तयार होणंच रोखतात, आधी झालेलं पुसत नाहीत. उशिरा घ्यायची आणि गोळीला नावं ठेवायची! तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तरही सांभाळतं, म्हणून रिकाम्या पोटी नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला होता. क्वचित होणारी, पण गंभीर अ‍ॅलर्जी : ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, तीही काही आठवड्यांनी. आणि दोनच गोळ्या कापून नेता तेव्हा नाव नि तारीख बहुधा आमच्याकडच्या तुकड्यावर राहते. लिहून मागा.
– दापोली

त्या तुकड्यानेच मला गाठलं. मला दमा आहे. भावजयीने "साधीच आहे" म्हणत एक दिली. तासाभरात छातीत घरघर, बाहेर धो धो पाऊस, शेवटची एसटी गेलेली. शेजाऱ्यांच्या रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर विचारतायत, काय घेतलंस? मी मुठीतला चंदेरी तुकडा पुढे केला. त्यावर नुसतं 'मि.ग्रॅ.' उरलं होतं. आता गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल.
– गुहागर

बाप्याने लिहिलं तर चालेल ना? लावणीत कंबर धरली की बायकोच्या डबीतली तीच गोळी खातो. एकदा तापातही खाल्ली, डॉक्टर जाम ओरडले. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल तर मूत्रपिंडावर ताण, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती. पावसातल्या तापाला ही गोळी नाही.
– कुडाळ

माझी गोळी एकावरून चारवर गेली, तरी दर महिन्याला रजा. "लग्न झालं की थांबेल," हे तर डॉक्टरांकडूनही ऐकलं. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल. शेवटी दुर्बिणीने बघितल्यावर एंडोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला. नऊ वर्षं गेली त्यात. त्या वर्षांचा राग अजून जात नाही. गोळीला दाद न देणारी कळ असेल तर दुकान बदलू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.
– अलिबाग

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग हळूच, "गुडघ्याला चालते का गं ती?" त्यांना बीपीचं औषध चालू आहे. सोमवारी डॉक्टरांना विचारून येते.
– राजापूर