शाळेच्या बाकांच्या वेल्डिंगला सीओटूच ठेवू की ८०-२० मिक्स घेऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, माझं कुपवाडला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तीन माणसं आणि एक ४०० अँपिअरची मिग मशीन (वायर आपोआप पुढं सरकते ते वेल्डिंग). आजवर काम उसाच्या ट्रॅक्टर ट्रॉल्यांचं, चॅनेल ६ ते ८ एमएम, १.२ एमएमची वायर, वेल्डला हवा लागू नये म्हणून सोडायचा गॅस साधा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), त्यात कधी अडलं नाही. आता पहिल्यांदा शाळेच्या बाकांची ऑर्डर घेतलीय, २१० बाक, २५ बाय २५ चा चौकोनी पाईप, जाडी १.६ एमएम, वर पावडर कोटिंग, आणि इथंच घोडं पेंड खातंय.

०.८ ची वायर लावली, सीओटू तोच, व्होल्टेज १८-१९, बीड (वेल्डची रेघ) पक्की बसतेय पण छर्रे (वितळलेल्या लोखंडाचे थेंब) इतके उडतात की एका बाकाची आर्क (वेल्डिंगची ठिणगी) चालते जेमतेम सहा मिनिटं आणि साफसफाईला जातात पंधरा. आधी छिन्नी मग फ्लॅप डिस्क, तरी कोपऱ्याच्या आत हात पोचत नाही. पहिले १२ बाक कोटिंगवाल्याकडून परत आले, पाईपवरून बोट फिरवलं की मोहरीएवढे खडे लागतात, कोटिंगनंतर तर ते जास्तच उठून दिसतात. बाकावर लहान पोरं बसणार, कुणाच्या हाताला ओरखडा आला तर मला चालणार नाही.

शेजारच्या टिगवाल्याकडून (टिग म्हणजे टंगस्टनच्या सळीनं करायचं वेल्डिंग) शुद्ध आर्गॉनचा बाटला त्याच्याच रेग्युलेटरसकट आणून लावून बघितला. छर्रे कमी झाले पण आर्क इकडंतिकडं पळतोय, बीड पाईपवर दोरी ठेवल्यासारखी उंच आणि दोन्ही कडांना अंडरकट (खाचा). गॅसवाला म्हणतो ८०-२० (८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू) घ्या, पण बाटला सीओटूपेक्षा बराच महाग. माझे प्रश्न असे, मिक्सनं खरंच एवढा फरक पडतो का, महाग पडूनही परवडतं का, आणि ट्रॉल्यांनाही तेच वापरायचं का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, शुद्ध आर्गॉन साध्या लोखंडावर मिगला लावायचाच नाही, टिगची गोष्ट वेगळी. मिगमध्ये आर्क स्थिर राहायला गॅसमध्ये थोडा सीओटू नाहीतर ऑक्सिजन लागतोच, नसला की आर्क भटकतो आणि रस कडांना पसरत नाही, तुम्ही तेच बघितलंत. उलट बाजूला नुसता सीओटू असला की थेंब मोठा होऊन वेडावाकडा तुटतो, ते तुमचे छर्रे. ८०-२० मध्ये थेंब लहान आणि शांत पडतो, १.६ च्या पाईपला तर तेच हवं.

एक लक्षात ठेवा, गॅस बदलला की सेटिंग तेच ठेवायचं नाही. मिक्सला व्होल्टेज एक-दोननं कमी लागतं, १६.५ पासून सुरू करा, वायर टिपच्या बाहेर १० एमएमच्या आसपास, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर. आणि हात जोडून सांगतो, सीओटूचा रेग्युलेटर अडॅप्टर लावून मिक्सच्या बाटल्यावर चढवू नका. सीओटूचा दाब साधारण ६०-७० बार असतो, मिक्सचा भरलेला बाटला १५० च्या घरात. रेग्युलेटर वेगळाच घ्या, त्याला हिटरही लागत नाही.

प्रतिसाद २

परवडण्याचा हिशोब बाटल्याच्या किमतीवर करू नका भाऊ. सीओटू बाटल्यात पातळ (द्रव) असतो, १ किलोचा साधारण ५४० लिटर गॅस होतो, म्हणजे ३० किलोच्या बाटल्यात १६ हजार लिटर. मिक्स नुसता दाबलेला गॅस, ७ घनमीटरचा बाटला म्हणजे ७ हजार लिटर. १२ लिटरनं चालवला तर पावणेदहा तास आर्क, तुमचे सहा मिनिटांनी ९५ च्या आसपास बाक. गळती, वाया जाणं धरून तीन बाटल्यांत ऑर्डर उरकते. आता दुसरी बाजू बघा, २१० बाक गुणिले १५ मिनिटं, नुसतं घासण्यात ५२ तास! त्या मजुरीत आणि डिस्कमध्ये गॅसचा फरक कुठल्या कुठं बुडून जातो.

ट्रॉलीला मात्र सीओटूच ठेवा. जाड चॅनेलला पेनिट्रेशन (वेल्ड आत शिरणं) रुंद आणि खोल मिळतं आणि तिथं दोन छर्रे राहिले तरी कुणाचं अडत नाही. शिवाय सीओटूवर टॉर्च (वेल्डिंगची बंदूक) थंड राहतो, मिक्सवर जास्त अँपिअरला तोच टॉर्च लवकर तापतो. सीओटूचा काटा पातळ गॅस संपेपर्यंत हलत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच, मिक्सचा मात्र हळूहळू उतरत जातो, त्यावरून किती उरलाय ते कळतं.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक बाटला मिक्स आणि नवा रेग्युलेटर आणला, काल ९ बाक केले. १६.८ व्होल्टवर आर्कचा आवाज तव्यावर बारीक तडतड व्हावी तसा एकसारखा आला, छर्रे अगदी थोडे आणि तेही कापडानं पुसून निघतात, साफसफाई तीन मिनिटांवर आली. एक जोड वाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवला, शेजारचा पाईप फाटला पण वेल्ड उघडलं नाही, तेव्हा जिवात जीव आला.

फक्त दुपारनंतरच्या दोन बाकांवर वेल्डमध्ये बारीक पिनहोल (छिद्रं) दिसले. आधी गॅसवर शंका आली, पण तेव्हाच पोरानं उकडतंय म्हणून पेडस्टल फॅन टेबलाकडं वळवला होता, त्या वाऱ्यानं गॅस उडाला असणार. फॅन बंद करून तोच जोड पुन्हा मारला तर स्वच्छ. आता तीन बाजूंनी पत्रा उभा करतोय आणि फॅन पाठीमागून लांब ठेवणार, पण या उन्हाळ्यात माणसांना हवा तर लागणारच. तुमच्याकडं यावर काय व्यवस्था करता तेवढं सांगा, उद्या सकाळी पुढचे २० बाक लावायचेत.