जांभ्याच्या उतारावर दुरंगी पानांची सदाहरित वेल पसरवावी का?

पडवी, गुहागर
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे कौलारू घर आहे. घराच्या मागच्या बाजूस जांभ्याचा उतार असून त्याच्या माथ्यावर हापूसची दोन जुनी कलमे आणि मधल्या टप्प्यावर एक फणस उभा आहे. खालच्या अंगाला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्याला लागून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे. आषाढात या उतारावरची माती पाण्याबरोबर वाहून पाखाडीच्या पायऱ्यांवर येते, आणि दिवाळीनंतर तोच भाग उघडा, लालभडक आणि धुळीचा दिसू लागतो. तेथे जमिनीवर पसरणारी, बारा महिने हिरवी राहणारी आणि फणसाच्या सावलीतही उठून दिसेल अशी पांढऱ्या किंवा पिवळसर कडांच्या पानांची वेल लावावी असे मनात आहे.

परदेशी बागांच्या छायाचित्रांत व्हिंका मेजरची व्हेरिगेटेड जात पाहिली आणि ती फार आवडली. जवळच्या रोपवाटिकेत मात्र ती मिळाली नाही. तिच्याऐवजी मनीप्लांट किंवा पिवळ्या फुलांचा वेडेलिया लावावा असे सुचवण्यात आले. या तिघांपैकी आपल्या हवेत काय टिकेल, आणि कलमांना व फणसाला त्याचा काही अपाय होईल का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कलमे आणि माती, रत्नागिरी
आपण उताराचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. व्हिंका मेजर ही भूमध्य समुद्राच्या परिसरातील वनस्पती आहे. करवंद, कण्हेर आणि आपली सदाफुली ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील ती असली, तरी तिचा स्वभाव थंड हवेचा आहे. सौम्य उन्हाळा, गार रात्री आणि पाण्याचा पटकन निचरा होणारी माती मिळाली की तिच्या फांद्या जमिनीला टेकतील तेथे मुळे धरतात आणि बघता बघता गालिचा तयार होतो. कोकण किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये रात्रीदेखील उकाडा आणि दमटपणा कायम असतो, आणि त्यापाठोपाठ चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा हवेत ती उन्हाळ्यात सुकत जाईल आणि उरलेली पावसाळ्यात कुजेल. कोणी मोठ्या शहरातून रोप आणून दिले तरी उतारभर लावण्याच्या योग्यतेचे ते नाही. आयव्हीबद्दलही माझे हेच मत आहे.

वेडेलियाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन की तो आणू नये. तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला असून, जगातील अत्यंत उपद्रवी अशा 100 परकीय आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. त्याचा प्रत्येक पेर ओल्या मातीवर टेकला की मूळ धरतो. आपल्या उताराखाली पाखाडी आहे, म्हणजे पावसाचे पाणी तुटलेले तुकडे घेऊन थेट वहाळाकडे (ओढ्याकडे) जाणार आणि तेथून शेजाऱ्यांच्या भातशेतीच्या बांधावर. एकदा बांधावर बसलेला वेडेलिया उपटून संपत नाही.

आता मुख्य मुद्दा हापूसचा, कारण आपल्या प्रश्नातील खरी जोखीम तेथेच आहे. हापूसला चांगला मोहोर यायचा तर पाऊस ओसरल्यावर जमिनीला ताण बसावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुळांजवळची ओल कमी होत गेली म्हणजे काड्या पक्व होतात आणि थंडी पडताच मोहोर फुटतो. त्याच काळात बुंध्याजवळ पाणी मिळत राहिले तर मोहोराऐवजी कोवळी पालवी येण्याचा धोका असतो. कलमाखाली शोभेची वेल लावली की नेमक्या याच दिवसांत ती मलूल दिसू लागते, घरातील कोणीतरी मायेने तिला पाणी घालते, आणि फेब्रुवारीत झाडावर मोहोर का नाही याचा उलगडा होत नाही. याशिवाय जूनच्या आरंभी पानांच्या घेराखाली चर खणून खत द्यावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती कल्टार हे मोहोरासाठीचे वाढरोधक औषध देण्याची आपल्याकडे पद्धत असेल, तर ते औषध जमिनीतून मुळांवाटे शोषले जाते आणि वाढ रोखण्याचेच काम करते; तेथे लावलेली वेल खुरटी राहिल्यास नवल नाही. म्हणून दोन्ही कलमांच्या घेराखालची जमीन पूर्ण मोकळी ठेवावी, तेथे केवळ आंब्याचाच पातेरा, म्हणजे गळालेली पाने, पसरावा, आणि वेलीची हद्द त्या घेराच्या खाली किमान चार-पाच हात अंतरावर सुरू करावी.

माती धरून ठेवण्याच्या अपेक्षेबद्दलही थोडे स्पष्ट बोलतो. मनीप्लांटसारख्या वेलीची मुळे वरच्या थरातच असतात. ती पावसाच्या थेंबांचा मार झेलते, वरची माती पुष्कळ वाचवते, पण उतार सरकू लागला तर त्याला थोपवू शकत नाही. त्यासाठी उताराला आडव्या, समपातळीच्या ओळींत वाळा लावावा. त्याची मुळे सरळ खाली जातात, अनुकूल जमिनीत ती तीन मीटरपर्यंतही पोहोचतात, आणि दाट लावलेल्या ओळीमागे वाहून येणारी माती अडते. जांभ्याच्या कातळावर माती पातळ असेल तेथे मुळे एवढी खोल जाणार नाहीत, तरीही त्या ओळीचा उपयोग होतोच. वाळ्याच्या दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात दुरंगी वेल, अशी मांडणी मला सर्वांत योग्य वाटते.

रोपांचा मांडव, कुडाळ
वरील सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे आणि रोपे तयार करण्याच्या कामातून जे पाहते त्याची भर घालते. आपल्या जागेसाठी मनीप्लांट योग्य आहे, मात्र कोणता हे पाहून घ्यावा. हिरव्या पानावर पिवळसर शिंतोडे असलेला साधा सोनेरी प्रकार सर्वांत काटक असतो. मार्बल क्वीन या नावाने मिळणाऱ्या प्रकारात पांढरा भाग अधिक असतो, तो फार देखणा दिसतो, पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यातच जमा असल्यामुळे त्याची वाढ सावकाश होते आणि दुपारचे ऊन लागले की तो भाग तपकिरी पडून कागदासारखा चुरचुरीत होतो. उताराचे तोंड पश्चिमेकडे असेल तर मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हा त्रास हमखास होईल. फणसाच्या सावलीत दोन्ही चालतील, उघड्यावर सोनेरीच घ्यावा.

दाट सावलीत उलटी अडचण येते. नवी पाने हळूहळू हिरवी होत जातात. अशी एखादी संपूर्ण हिरवी फांदी दिसली की ती जेथून निघाली आहे त्या पेरापर्यंत मागे जाऊन कापून टाकावी. तिच्यात हरितद्रव्य अधिक असल्यामुळे ती इतरांपेक्षा जोराने वाढते, आणि दुर्लक्ष झाले तर काही पावसाळ्यांत गालिचाचा रंग तिच्यामुळेच हरवतो. फणसाच्या खालच्या दोन-तीन फांद्या छाटून उजेड आत घेतला तरी बराच फरक पडतो.

मनीप्लांटची वेल क्वचितच फुलते, त्यामुळे बियांवाटे ती पसरत नाही. तिचा प्रसार पेरांवाटे होतो, आणि म्हणूनच छाटलेले तुकडे कधीही वहाळात किंवा गडग्यापलीकडे टाकू नयेत. ती मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची आहे आणि श्रीलंकेसह अनेक उष्ण देशांच्या जंगलांत माणसाच्या हातून जाऊन बसली आहे. आपल्या राईंमध्येही तिला तशीच हवा मिळते. छाटणीचे तुकडे कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत.

फणसाबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ही वेल जमिनीवर असते तोवर तिचे पान वीतभर राहते, पण खोडावर चढली की तिचे रूप पालटते, पाने हात-हातभर होतात, त्यांना चिरा पडतात आणि वेलीचे खोड मनगटाएवढे जाड होऊ शकते. ती बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाही, परंतु फणस खोडावर आणि जाड फांद्यांवरच लागतो, आणि वेलीने खोड झाकले की कुयरी, म्हणजे कोवळा फणस, दिसत नाही, फळाजवळ ओल साचते आणि उतरवणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. बुंध्याभोवती दोन हातांचे वर्तुळ कायम साफ ठेवावे आणि प्रत्येक महिन्याला एक फेरी मारून चढू पाहणारी टोके खाली वळवावीत.

वाटसरू, राजापूर
बागेच्या शोभेइतकाच महत्त्वाचा एक विषय राहिला आहे असे वाटते, म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यात फुरसे हा विषारी साप सर्वत्र आहे, आणि जांभ्याच्या सुट्या चिऱ्यांचा गडगा ही त्याची आवडती जागा आहे. गडग्याच्या पायाशी आणि पाखाडीच्या कडेला वेल दाट झाली की पाय कोठे पडतो आहे हे दिसत नाही. गडग्यापासून आणि पायऱ्यांपासून दोन-तीन हातांचा पट्टा खरवडून स्वच्छ ठेवावा, वेलीत हात घालून काम करताना आधी काठीने चाळवावे, आणि रात्री विजेरीशिवाय त्या बाजूस जाऊ नये. घरात लहान मुले असतील तर हे नियम आधी ठरवावेत आणि वेल नंतर लावावी.

दुसरे असे की मनीप्लांट हा अळू आणि सुरणाच्याच कुळातील आहे. कच्च्या अळवाने घसा खवखवतो त्याच कारणाने, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, याचे पान चावल्यास तोंडाची आग होते आणि ओठ व जीभ सुजू शकते. भातकापणीनंतर आपल्याकडे गुरे मोकळी सुटतात, आणि उन्हाळ्यात सगळीकडे वाळलेले असताना हाच एक हिरवा पट्टा त्यांना दिसतो. गडग्याला खिंडार असेल तर ते आधी बुजवावे. कुत्रा पाळलेला असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवावे.

पडवी, गुहागर
सर्वांचे मनापासून आभार. कलमांखाली वेल नेण्याचा विचार सोडून दिला आहे. वाळ्याच्या आडव्या ओळी आणि मधल्या पट्ट्यात सोनेरी मनीप्लांट असे ठरवतो आहोत. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लागवड मृगाच्या पावसावर करावी की नंतर? आणि उताराच्या टोकाला समुद्राचा खारा वारा थेट लागतो, तेथे काय करावे?

कलमे आणि माती, रत्नागिरी
वाळा मृगातच लावावा, म्हणजे आषाढाच्या जोरापर्यंत तो थोडाफार धरतो. त्याची ठोंबे एकमेकांना जवळजवळ लागून, वीतभराच्या आतील अंतरावर लावावीत; मध्ये फट राहिली की पाणी नेमके तेथूनच वाट काढते. खाऱ्या वाऱ्याच्या टोकाला मनीप्लांट नको, त्याच्या पानांच्या कडा जळतील. पुळणीवरची मर्यादवेल खाऱ्या वाऱ्याला आणि वाळूला उत्तम तोंड देते, परंतु तिला भरपूर ऊन आणि रेताड जमीन लागते, आणि पाने एकरंगी हिरवी असतात. दुरंगीच हवे असेल तर पांढऱ्या पट्ट्यांचे, रुंद पात्याचे सेंट ऑगस्टीन गवत पाहावे. ते खारेपणा सोसते आणि जमिनीलगत धावते.

रोपांचा मांडव, कुडाळ
मनीप्लांटसाठी मी मृगाऐवजी श्रावण सुचवेन. उतारावर नुसती छाटकलमे मृगात खोचली तर पहिल्या मोठ्या पावसातच ती मातीसकट खाली येतात. दोन-तीन पेरांची कलमे उन्हाळ्यातच मांडवाखाली पिशव्यांत लावून ठेवावीत, मुळे पिशवीच्या तळाशी दिसू लागली की ती तयार झाली असे समजावे, आणि पावसाचा जोर ओसरल्यावर श्रावणात एकेक फुटावर लावावीत. लावताना उताराच्या बाजूने मातीची छोटी पाळ करावी. वेल पसरेपर्यंत मधल्या उघड्या मातीवर माडाच्या झावळ्या आडव्या टाकून त्या बांबूच्या खुंट्यांनी दाबून ठेवाव्यात. वेल त्यांच्यावरून पुढे जाते आणि झावळ्या खालीच कुजतात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागेल, त्यानंतर फणसाखाली एकदा पुरते. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, वेलीवर साचलेला फणसाचा पातेरा हाताने उचलावा आणि फार दाट झालेला भाग विरळ करावा, कारण ओल्या पातेऱ्याखाली दबलेली देठे आषाढात काळी पडून कुजतात आणि गोगलगायींनाही तीच जागा लागते. कोयती मात्र आंब्या-फणसाच्या छाटणीसाठी वापरली असेल तर धुऊन, पुसून मगच वेलीला लावावी.