अँडीजमधील ओसरती लोकवस्ती: शाळा-दवाखाने एकवटावेत की वाड्यांवरच ठेवावेत?

शिखरवेध
पेरूच्या कुस्को विभागात, कानास प्रांतात, केउए नावाचा डिस्ट्रिक्ट आहे. आकाराने तालुक्याहूनही लहान असलेला हा भाग अपुरिमाक नदीच्या वरच्या खोऱ्यात, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर वसला आहे. १९४० साली देशातील सुमारे ६५ टक्के लोक सिएर्रा या डोंगराळ पट्ट्यात राहत. २०१७च्या जनगणनेत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. माणसेच उतरून जात असताना वाडीवाडीवर अपुऱ्या शाळा आणि औषधांविना दवाखाने चालवण्यापेक्षा मुख्य गावात वसतिगृहासह एक उत्तम शाळा आणि पूर्णवेळ डॉक्टर देणे अधिक न्याय्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

खोरेकर
मी असहमत आहे. तिथली वस्ती विखुरलेली आहे, कारण उपजीविकाच उंचीनुसार विभागलेली आहे. भूगोलतज्ज्ञ हाविएर पुल्गार विदाल यांच्या वर्गीकरणात ३,५०० ते ४,००० मीटरचा सुनी पट्टा बटाटा-किनोआचा, तर त्यावरचा, ४,८०० मीटरपर्यंतचा पुना पट्टा कुरणांचा आहे. एकाच कुटुंबाची शेते वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे एका ठिकाणी कडाका पडला तरी दुसरीकडचे पीक हाती लागते. अल्पाका या लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना पाणथळ कुरण वर्षभर लागते. जून-जुलैच्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, सकाळी पायांनी तुडवून त्यातले पाणी काढायचे आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा चुन्यो करायचा, हे काम गावात राहून होत नाही.

शिखरवेध
गुराख्याने कुरण सोडावे, असे मी म्हटलेलेच नाही. प्रश्न त्याच्या मुलीचा आहे. चांगले माध्यमिक शिक्षण जवळ नसेल, तर ती सिकुआनी किंवा कुस्को शहरात जाते आणि बहुधा तिथेच राहते. शिवाय केच्वा या स्थानिक भाषेत शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक आधीच थोडे आहेत; त्यांना दहा ठिकाणी विखुरले, तर कुठल्याच मुलाला धड शिकता येणार नाही.

दोरबांध
माध्यमिक शाळेबाबत शिखरवेध यांचे म्हणणे मला पटते, दवाखान्याबाबत मुळीच नाही; बाळंतपण बस कधी येते ते पाहून होत नसते. पण आधी जनगणनेच्या मोजणीकडे पाहावे; गावाशी जोडलेली सगळी माणसे तीत गावात दिसत नाहीत. केउएमधील केस्वाचाका हा गवताचा झुलता पूल चार समुदाय दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. घराघरातून वळलेल्या दोऱ्या येतात, त्यांचे जाड दोरखंड होतात आणि तीन दिवसांत पूल उभा राहतो. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. महामारीमुळे २०२०चे विणकाम चुकले आणि मार्च २०२१मध्ये जुना पूल कोसळला. त्याच जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा बांधला. एका वर्षाचे श्रम चुकल्यावर काय होते, हे त्यातून दिसते. डोंगरातून शहरात गेलेली कितीतरी माणसे पेरणी-काढणीला आणि सणांना गावी परततात, समुदायातील आपला हक्क राखून असतात. जनगणना मात्र त्यांना शहरातच मोजते.

खोरेकर
यात पैशाचाही प्रश्न आहे. केंद्राकडून नगरपालिकांना मिळणाऱ्या फोनकोमुन निधीच्या वाटपात लोकसंख्या हा एक प्रमुख निकष आहे. माणसे कमी मोजली गेली की निधी घटतो, निधी घटला की सेवा खालावतात आणि मग उरलेलेही निघून जातात. त्यामुळे एकत्रीकरणाचा विचार करण्याआधी वाटपात उंची, अंतर आणि वस्तीचे विखुरलेपण यांना स्वतंत्र वजन द्यायला हवे.

शिखरवेध
निकष जरूर बदलावेत, परंतु ते बदलेपर्यंत आज सहावीत असलेली मुले शाळेच्या वयातून बाहेर पडतील. म्हणून प्राथमिक शाळा व आरोग्यसेविका वाडीवर आणि आठवडी वसतिगृहासह माध्यमिक शाळा मुख्य गावात, ही मांडणी याच वर्षीपासून सुरू व्हावी, असा माझा आग्रह आहे.