बी.एस्सी. अर्धवट सोडून बी.कॉम.ला जावे का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. करीत आहे. विषय भौतिकशास्त्र आणि गणित. तिसऱ्या सत्राची परीक्षा नुकतीच झाली. २०२४ मध्ये मी प्रवेश घेतला, त्याच वर्षी कर्नाटक सरकारने चार वर्षांची रचना मागे घेऊन पदवी पुन्हा तीन वर्षांची केली, त्यामुळे सर्व सुरळीत झाल्यास २०२७ मध्ये माझी पदवी पूर्ण होईल.

पीयूसीला (म्हणजे बारावीला) बरे गुण पडले म्हणून विज्ञान घेतले आणि अभियांत्रिकीला मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून बी.एस्सी.; यात माझी अशी निवड कुठे नव्हतीच. गेल्या सुट्टीत मात्र एक वेगळाच अनुभव आला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. त्यांचे दिवाणजी आजारी पडल्याने दोन महिने बिलांचे काम मी पाहिले. कास्टिंगची (ओतीव भागांची) खरेदी वहीत एक आणि जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या जीएसटीच्या तक्त्यात, दुसरीच दिसत होती. एकेक बिल ताडून पाहिल्यावर लक्षात आले की, एका पुरवठादाराने आपले विवरणपत्रच भरलेले नव्हते आणि म्हणून काकांना त्या बिलावरील कराची वजावट मिळत नव्हती. प्रयोगशाळेत रीडिंग जुळले तेव्हा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. (अर्थात, ती रीडिंग बहुधा आधीच्या बॅचच्या जर्नलमधलीच असतात.)

महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी केली, तर एका खिडकीवर थेट दुसऱ्या वर्षात घेतील असे सांगितले आणि दुसऱ्या खिडकीवर दाखला काढून पहिल्यापासून सुरुवात करा असे सांगितले. वडिलांचे म्हणणे असे की, हाती घेतलेले अर्धे टाकून उठू नये. वाणिज्य शाखेकडे वळायचे तर आत्ताच वळावे की पदवीनंतर, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

मी करसल्लागाराच्या कार्यालयात बरीच वर्षे काम करतो, तेवढ्या आधारावर लिहितो. पीयूसीची शाखा कोणतीही असली तरी बी.कॉम.ला प्रवेश मिळतो, परंतु तुमचे मुख्य विषय तिथे उपयोगी पडणारे नसल्याने पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल असे धरून चाला. आता साधा हिशेब मांडा. येत्या जूनमध्ये बी.कॉम. सुरू केले तर ते २०२९ मध्ये संपेल. बी.एस्सी. २०२७ मध्ये पूर्ण करून दोन वर्षांचे एमबीए केले, तर तेही २०२९ मध्येच संपेल, आणि त्यासाठी पदवी कोणत्या शाखेची आहे हे पाहिले जात नाही. ५० टक्के गुण आणि पीजीसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पुरते. तेवढ्याच वर्षांत हाती एकाऐवजी दोन पदव्या येतात.

तथापि, तुम्ही जे वर्णन केले आहे ती ओढ व्यवस्थापनाची नसून हिशेबाची आहे, आणि हे दोन रस्ते वेगळे आहेत. तुमचा कल सीएकडे (सनदी लेखापाल होण्याकडे) असेल, तर पीयूसीच्या आधारावर त्याच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे फाउंडेशनची, नोंदणी आजही करता येते. पदवीनंतर थेट पुढच्या टप्प्याला, म्हणजे इंटरमीजिएटला, बसायचे असल्यास वाणिज्य पदवीधरांना ५५ टक्के लागतात, तुम्हाला ६० लागतील. शिवाय २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, त्यामुळे नियमित बी.एस्सी. सोबत इग्नू या मुक्त विद्यापीठाचे बी.कॉम. दूरशिक्षणाने करण्याचा मार्गही आहे. तुमचे आतापर्यंतचे गुण किती आहेत, ते कळवा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, सर. तीन सत्रांचे मिळून ५७ टक्के आहेत, आणि गणिताचा एक पेपर राहिला आहे. साठाचा भरवसा धरण्याऐवजी फाउंडेशनचीच नोंदणी करावी असे आता वाटते. लेखाशास्त्राची मला अगदी तोंडओळखही नाही. बेळगावात त्याची संध्याकाळची शिकवणी कुठे चालते, हे कुणाला माहीत असल्यास सांगावे. खानापूरची शेवटची गाडी गाठता येईल अशी वेळ असावी.