पावसाळ्यात लॉजच्या सोलरचं पाणी कोमट राहतं, लिजिओनेलासाठी काय करावं?

गच्चीवरचा_सोलर (बेळगाव)
नमस्कार मंडळी. स्टँडजवळ आमचं १८ खोल्यांचं लॉज आहे. गच्चीवर ५०० लिटरच्या दोन सोलर टाक्या. यल्लम्माला जाणाऱ्यांची गर्दी असली की सगळं भरतं, एरवी मागच्या सहा खोल्या पंधरा-पंधरा दिवस बंद. आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे, जुलैत ऊन दिसत नाही. काल नळाखाली थर्मामीटर धरला, ३८ अंश. उतरलेल्या एका डॉक्टरांनी लिजिओनेलाचं, म्हणजे पाण्यातल्या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूचं, विचारलं, तेव्हापासून चैन नाही. माझे बाबा ७२ वर्षांचे, दम्याचे पेशंट, तेही ह्याच शॉवरखाली आंघोळ करतात. काय करू?

बॉयलरवाला (निपाणी)
दादा, ३८ म्हणजे त्या जंतूला अगदी मानवणारं. २० ते ४५ अंशांत तो वाढतो. ५० ला मरायला तासन्‌तास घेतो, ६० ला काही मिनिटांत बहुतेक खलास. म्हणून टाकीत ६० आणि लांबच्या नळाला मिनिटभरात ५० हवेच.

पण थर्मोस्टॅट ६० वर फिरवला म्हणजे टाकी ६० झाली असं धरू नका. बॅकअपची, म्हणजे ऊन नसताना पाणी तापवणारी विजेची कॉइल वरच्या अंगाला असली तर वरचं पाणी तापतं आणि तळाचं, गाळाजवळचं, कोमटच राहतं. जंतूचं घर तिथंच. तळाचा ड्रेन कॉक उघडून ते पाणी मोजा. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार भरपूर, टाकी वर्षातून एकदा तरी उघडून धुवाच.

पाणी पिण्यापेक्षा तुषार श्वासात जाण्याचा धोका मोठा. १९७६ ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ ह्या माजी सैनिकांच्या संघटनेचा मेळावा होता, तिथं लोक न्यूमोनियानं गेले, त्यावरूनच हे नाव पडलं. म्हणून हे नीट होईस्तोवर बाबांना शॉवर नको, बादलीनंच आंघोळ करू दे. आणि ६० च्या पाण्यानं पोरं भाजतात बरं का. गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, पण बाथरूमच्या तोंडाशी. टाकीजवळ बसवलात तर पुढची सगळी लाइन कोमट.

शहापूरची_ताई
माझं मुलींचं हॉस्टेल आहे. जुनं बाथरूम पाडलं तेव्हा प्लंबरनं पाइपला नुसती टोपी लावून सोडलेलं. पाच फूट पाइप, पाणी तिथंच साचलेलं. कापला तर तपकिरी, बुळबुळीत पाणी आलं, बोटाला शेवाळासारखं चिकटलं. असले तुकडे मुळापासून काढा.

बंद खोल्यांचे गरम-थंड दोन्ही नळ आम्ही दर सोमवारी पाच मिनिटं सोडतो. शॉवरचं डोकं आधी काढायचं, म्हणजे तुषार उडत नाहीत. ती डोकी तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजत घालते, क्षाराचा नुसता चुरा पडतो. वहीत तारीख आणि तापमान लिहून ठेवा.

गच्चीवरचा_सोलर
ताई, अण्णा, खूप आभार. नुसतं क्लोरीन टाकलं तर चालेल?

बॉयलरवाला
नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, बुळबुळीच्या थराखालीही नीट पोचत नाही. टाकी धुतल्यावर वापरा, पण उष्णतेच्या जागी नको. आणि नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या टेस्टमध्ये लिजिओनेला कळत नाही, लॅबमध्ये तीच टेस्ट नाव घेऊन सांगा. बाबांना ताप, खोकला, धाप असं काही झालं तर डॉक्टरांना ह्या पाण्याचं आधी सांगा, म्हणजे ते तपासतील.

गच्चीवरचा_सोलर
आत्ता वर जाऊन आलो. एका टाकीची कॉइल खरंच वर बसवलीय. ड्रेनचं पाणी ३४, गढूळ. बसवणाऱ्यानं तेव्हा काही सांगितलंच नाही. उद्या प्लंबर येतोय. आजपासून बाबांचं पाणी चुलीवर.