पार्कर ५१ कधीचं असेल? आणि जुना कॅमेरा उभ्याउभ्या कसा तपासायचा?

दौतटाक

नमस्कार मंडळी. जुन्या बाजारात हिंडायचा माझा नाद इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. या वेळी गंजक्या किल्ल्या आणि मोडक्या चार्जरांच्या ढिगातून एक पार्कर ५१ हाती लागलं. गडद निळं, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोपणावर कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली. आत शाई वाळून घट्ट बसली आहे. घरी आणल्यापासून सारखं हातात घेऊन बघतोय, इतका आनंद झालाय!

हे साधारण कधीचं असेल? न बिघडवता धुवायचं कसं? शिवाय त्याच विक्रेत्याकडे एक ऑलिंपस ट्रिप ३५ कॅमेरा आहे. रोल न घालता तो चालतो का, हे तिथल्या तिथे कळू शकतं का?

भिंगवाला

वा, फार छान वस्तू मिळाली! हे मॉडेल बाजारात आलं १९४१ साली, त्यामुळे त्याआधीचं ते बहुधा नाही. आता मागचा भाग हळूच फिरवून बघा. पूर्ण निघाला आणि आत धातूची नळी व तिच्यावर दाबायची पट्टी दिसली, तर पेन १९४८ किंवा त्यानंतरचं. त्याऐवजी शेवटचं छोटं टोपण तेवढं निघालं आणि आत दट्ट्या असला, तर ते त्याआधीच्या पद्धतीचं. दट्ट्याच्या पेनात रबरी पडदा असतो. तो इतक्या वर्षांत बहुधा गेलेला असतो, पण बदलून मिळतो. नळीवाल्याची आतली पिशवी मात्र आश्चर्य वाटावं इतकी टिकते.

धुताना साधं गार पाणी. गरम नको आणि स्पिरिट तर मुळीच नको, त्या प्लॅस्टिकला तडे जातात. निबेकडचा भाग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. कित्येक दिवस निळं पाणी येत राहील. येऊ द्या.

आणि लिहायला लागलात की एक बघा. निबेचं टोक आधीच्या मालकाच्या हाताच्या वळणाने झिजलेलं असतं. पेन थोडं डावी-उजवीकडे वळवत लिहा. एका ठरावीक कोनात ते एकदम गुळगुळीत चालायला लागेल. त्या माणसाने ते तसंच धरलं होतं! आद्याक्षरांपेक्षा मला ही ओळख जास्त जवळची वाटते. मी जुन्या वस्तूंच्या मागे लागलो तो याच कारणाने.

आता ट्रिप ३५. हा १९६७ पासूनचा कॅमेरा, आणि त्याला बॅटरीच लागत नाही. भिंगाभोवतीचं खडबडीत कडं म्हणजे सेलेनियमचा सेल, उजेडावरच चालतो. आकड्यांचं फिरतं कडं ‘ए’वर ठेवा, चाक फिरवून शटर भरा, भिंग आणि सेल हाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा. डोळा लावायच्या खिडकीत लाल पट्टी वर आली आणि शटर उडालं नाही, तर उत्तम. मग उजेडाकडे रोखून दाबा, आता ते उडालं पाहिजे. भर उजेडातही लाल पट्टीच येत असेल, तर सेल बहुधा संपलेला आहे.

भिंगावर पुढून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. धुळीचे चार कण असले तर फोटोत काही फरक पडत नाही. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल, तर तो घरीही बदलता येतो.

एक विनंती. घासाघीस जरूर करा, पण भाव पाडायला वस्तूची नालस्ती करू नका. विक्रेत्याला खरं सांगा की मला ही आवडली आहे, माझ्याकडे इतके आहेत. पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवतो.

रीळवेडी

भिंगवाल्यांना जोरदार अनुमोदन. फक्त मागचं झाकण उघडायच्या आधी रोल गुंडाळायची छोटी दांडी बाणाच्या दिशेने अलगद फिरवून बघा. ताण लागला तर आत रोल आहे, झाकण अजिबात उघडू नका! गुंडाळून घ्या आणि धुवायला द्या. कृष्णधवल फिल्मवर कित्येक दशकांनंतरही चित्र येऊ शकतं. व्हिव्हियन मायर ही मुलं सांभाळणारी बाई. तिच्या निगेटिव्हांची खोकी २००७ साली शिकागोच्या एका लिलावात विकली गेली आणि त्यातून जगाला एक मोठी छायाचित्रकार मिळाली. तिचे कितीतरी रोल तर धुतलेलेही नव्हते. म्हणून मी आधी दांडी फिरवते, मग भाव विचारते.

पानगळ

माझा प्रांत पुस्तकांचा. पान पिवळं म्हणजे पुस्तक फार जुनं, असं धरून चालू नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद रुळला, त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद पुष्कळदा आजही पांढरा असतो.

दौतटाक

सगळ्यांचे मनापासून आभार! मागचा भाग निघाला, आत नळी आणि पट्टी आहे. पट्टी आत्ताच दाबून बघू का?

भिंगवाला

आज नको. आधी भिजू द्या. पाण्यात निळी शाई सहज सुटायला लागली की मग दाबा, हलक्या हाताने. आणि कॅमेरा घेतलात तर दांडीचं काय झालं ते इथे नक्की कळवा.